शिकागोला तीन दिवस एकटीनं जायचंय, गुडघ्यांना झेपेल असं सांगा

मये तळ्याकाठची

नमस्कार. मी दिचोली तालुक्यातली. मराठी प्राथमिक शाळेत ३३ वर्षं शिकवून निवृत्त झाले. वय ६२. डावा गुडघा कुरकुरतो, उजवा अजून ऐकतो.

लेक आणि जावई अमेरिकेत इलिनॉय राज्यात शँपेन नावाच्या गावी असतात. (गावाचं नाव सांगितलं की शेजारणी तोंडाला पदर लावतात. मी आता 'विद्यापीठाचं गाव' एवढंच सांगते.) व्हिसासाठी मुंबईला वांद्र्याला जाऊन आले. साहेबानं दोनच प्रश्न विचारले, मी तयारी वीस प्रश्नांची केली होती. चवथ झाली, गणपती पोचवला की निघायचं. नातवाला बघायला दोन महिने. आमचे हे विमानात बसत नाहीत. ते घरी राहणार, कुळागराला पाणी सोडायला आणि माकडांवर ओरडायला.

आता मुद्दा. त्या दोन महिन्यांतले तीन दिवस मला शिकागोत एकटीनं काढायचेत. लेक म्हणते, "आई, एका शनिवारी गाडीनं जाऊ, सगळं दाखवते, रात्री परत." तिचं दाखवणं मला ठाऊक आहे. तिनं मागे आग्रा दाखवलं होतं. ताजमहालात मी अजून चपलांवरची पिशवी नीट करत होते, तेवढ्यात हिचं "झालं ना बघून?" मुलगी गुणाची आहे, पण तिच्या डोक्यात घड्याळ आहे. मला एखाद्या चित्रासमोर अर्धा तास बसावंसं वाटलं, तर शेजारी उभं राहून मोबाईल बघणारं माणूस नको.

शिकागोच का, तर ११ सप्टेंबर १८९३, सर्वधर्म परिषदेतलं स्वामी विवेकानंदांचं भाषण. इतकी वर्षं दर १२ जानेवारीला शाळेत वक्तृत्व स्पर्धा घेतली आणि दर वर्षी कुणीतरी पोर 'अमेरिकेतील माझ्या बंधू आणि भगिनींनो' म्हणताना घोगऱ्या आवाजात अडलं. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी मागच्या पडद्यावर शिकागोची ती इमारत रंगवली होती, दाराशी दोन सिंह. उंदरांनी एका सिंहाची शेपटी खाल्ली तरी तो पडदा आम्ही वीसेक वर्षं वापरला. ती इमारत बघायची आहे.

प्रश्न असे. शँपेनहून रेल्वे बरी की बस? राहायचं कुठं? रात्रीला १०० डॉलरच्या वर जायचं नाही. तीन दिवसांत काय बघू, आणि त्याआधी काय सोडू ते सांगा, कारण यादी करायला लेक बसलीच आहे. सोमवार-गुरुवार मी शिवराक (शाकाहारी), बाकी दिवस नुस्त्यावाचून, म्हणजे मासळीवाचून, घास उतरत नाही, पण तीन दिवस काढीन. इंग्रजी वाचता येतं, समोरचा भरभर बोलला की अडतं. मोबाईलवर नकाशा कळतो, चालता चालता कळत नाही. मी सोमवार ते बुधवार धरलेत, ऑक्टोबरात.

'या वयात एकटी कशाला' हे सांगायला घरात माणसं पुरेशी आहेत. इथं नको.

पेडण्याची पोर

बाई, पहिल्यांदा वार बदला, बाकी मागाहून! ती इमारत म्हणजे आर्ट इन्स्टिट्यूट, आणि ती मंगळवारी-बुधवारी बंद असते. सोमवारी तुम्ही दमून पोचणार आणि मग दोन दिवस दाराबाहेरच्या सिंहांशी बोलत बसणार. गुरुवार ते शनिवार करा. गुरुवारी ती रात्री आठपर्यंत उघडी असते. शाळेच्या सहली निघून गेल्या की बाकांवर जागा मिळते, आणि तुम्हाला तेच हवंय. ऑक्टोबरातला दुसरा रविवार टाळा, तेव्हा शिकागो मॅरेथॉन असते. खोल्यांचे भाव ३१ डिसेंबरच्या कळंगुटसारखे होतात.

मी दोन वर्षांमागे ऑफिसच्या कामाला गेले होते, काम आटोपल्यावर चार दिवस एकटी राहिले. माझं वय तेव्हा २७, पण नव्या शहरात रात्री आठला किल्ली लागेना की पोटात जो गोळा येतो तो कुठल्याही वयात तोच असणार.

रेल्वेनंच जा. शँपेनहून ॲमट्रॅकच्या दिवसाला तीन गाड्या आहेत, अडीच-तीन तास लागतात. तिकीट मोबाईलवर. कंडक्टर येतो आणि तुमच्या डोक्यावरच्या सामानाच्या फळीला कागदाची चिठ्ठी खोचतो, कुठं उतरणार त्याची. जागा बदललीत तर चिठ्ठी बरोबर घेऊन जा, नाहीतर तो गोंधळतो. रूळ मालगाडीवाल्या कंपनीचे आहेत, म्हणून तासभर उशीर धरूनच चला. खिडकीतून मका, मग सोयाबीन, मग मका. पुस्तक ठेवा जवळ.

उतराल युनियन स्टेशनला. आणि आता गुडघ्यांसाठी आनंदाची बातमी: बाहेर येऊन ॲडम्स स्ट्रीट धरायचा आणि पूर्वेला नाकासमोर चालायचं. एकही वळण नाही. आधी नदीवरचा पूल, मग उजव्या हाताला विलिस टॉवर (मान वर करून बघा, भिंतीला टेकून), पुढं लासाल रस्त्याच्या कोपऱ्यावर रूकरी नावाची १८८८ सालची इमारत. तिच्या आत डोकावा, काचेच्या छताचं दालन आहे, फ्रँक लॉइड राइटनं १९०५ साली नव्यानं सजवलेलं. आणि रस्ता संपतो तो थेट सिंहांसमोर. सगळं मिळून दीड किलोमीटरच्या आत. नकाशा पिशवीत राहू द्या.

राहायला हॉस्टेल. दचकू नका. एचआय शिकागो म्हणून आहे, आर्ट इन्स्टिट्यूटपासून चालत दहा मिनिटं. फक्त बायकांच्या खोल्या असतात, खालीवर खाटा. बुक केल्यावर मेल टाकून 'खालची खाट हवी, गुडघे दुखतात' असं लिहा. स्वतःचं कुलूप न्या. सामाईक स्वयंपाकघर आहे, पेज करून खाता येईल. हॉटेल १०० डॉलरला दिसलं तरी त्यावर १७ टक्क्यांच्या वर कर चढतो, तो आधी दाखवत नाहीत.

काय सोडा: विलिस टॉवरवरची काचेची गच्ची आणि नेव्ही पियर. काय सोडू नका: नदीतली बोट. आर्किटेक्चर सेंटरवाल्यांची दीड तासाची फेरी असते, माहीतगार माणूस दोन्ही काठांच्या इमारतींबद्दल बोलत असतो आणि तुम्ही *बसलेल्या* असता.

स्पष्टवक्ता

बाईंनी नको म्हटलं तरी बोलतो. शिकागोत गोळीबाराच्या बातम्या रोज असतात. ६२ व्या वर्षी भाषा येत नसताना एकटं फिरणं म्हणजे लेकीच्या जिवाला घोर. त्यापेक्षा शिकागोजवळच्या लेमॉन्टचं राममंदिर बघा, मुलीबरोबर गाडीनं, दर्शनही होईल.

पेडण्याची पोर

@स्पष्टवक्ता, बाईंनी भाषा येत नाही असं कुठं लिहिलंय? भरभर बोललं की अडतं म्हणाल्या. माझंही अडतं.

जुना तारवटी

स्पष्टवक्त्याचं अर्धं खरं आणि अर्धं टीव्हीवरचं. मी २६ वर्षं बोटीवर काढली, अमेरिकेतली बंदरं पायाखालची आहेत आणि शिकागोत लेकाकडे तीन हिवाळे काढलेत. ज्या भागांत गोळ्या चालतात ते बहुतेक दक्षिणेकडचे आणि पश्चिमेकडचे मोहल्ले आहेत, बाई जिथं फिरणार तिथून लांब. तरी चार गोष्टी सांगतो.

रात्री नवानंतर मेट्रोत बसायचं नाही. दिवसासुद्धा रिकाम्या डब्यात चढायचं नाही. डबा रिकामा असला तर त्याला कारण असतं. पहिला डबा बरा, ड्रायव्हर जवळ. दाराजवळ बसून मोबाईल हातात धरायचा नाही, दार मिटतामिटता हिसकावून पळतात. कुणी अंगावर ओरडलं तर उत्तर द्यायचं नाही, पुढच्या स्टेशनला डबा बदलायचा. ९११ नंबर लक्षात ठेवा. आणि प्रवासाचा आरोग्य विमा इथूनच काढून जा. तिथं पाय मुरगळला तर बिल बघून दुसरा मुरगळतो.

पैशांचं. दुकानात पाटीवर दहा लिहिलेलं असतं आणि काउंटरवर अकरा होतात, कर वेगळा, शिकागोत १० टक्क्यांहून जास्त. बसून जेवलात तर वर १८-२० टक्के टीप. हे ऐकून आमच्या बायकोनं पहिल्या दिवशी उपास धरला होता. उभ्यानं काउंटरवर घेतलं तर टीप दिली नाही तरी चालते, मशीन विचारतं, लाजायचं नाही.

बॅगेत उकडे तांदूळ घेऊ नका! तुम्ही घेणार होतात, मला ठाऊक आहे. भारतातून तांदूळ न्यायला बंदी आहे, खाप्रा नावाच्या किड्यापायी. कढीपत्ता नको, ताजी फळं नको. सोलां (आमसुलं) सुकी न्या आणि विचारलं तर खरं सांगा. कस्टमवाला खाण्यापेक्षा लपवण्यावर चिडतो.

उसगावकर

विषयाला सोडून विचारतो, माफ करा. माझ्या मेव्हण्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. त्याला व्हिसा लागत नाही असं ऐकलं. मग बाईंसारखं मुंबईला का जायचं?

जुना तारवटी

त्याला ऑनलाईन परवानगी काढावी लागते, इस्टा म्हणतात, आणि ९० दिवसांच्या वर राहता येत नाही. वाढवूनही मिळत नाही. पण तो पासपोर्ट घेतला की माणूस भारताचा नागरिक राहत नाही, एवढं मेव्हण्याला विचारून घ्या, पुष्कळांना ते मागाहून कळतं. आणि बोटीवरच्या पोरांनो, तुमचा सी-वन-डी व्हिसा बोटीवर चढण्यापुरता. त्यावर मावशीकडे फिरायला जाता येत नाही. यापुढं नवा धागा काढा, हा बाईंचा आहे.

मडगावकर

बाई, तुमची वक्तृत्व स्पर्धा वाचून राहवलं नाही. दोन गोष्टी तुम्हाला आवडतील, एक आवडणार नाही.

आवडणारी पहिली: स्वामीजी शिकागोला जायच्या आदल्या वर्षी, १८९२ च्या ऑक्टोबरात, गोव्यात आले होते. मडगावला राहिले आणि राशोलच्या सेमिनरीत जाऊन ख्रिस्ती धर्मग्रंथ वाचले. म्हणजे शिकागोची थोडी तयारी आमच्या साष्टी तालुक्यात झाली, असं आम्ही मडगावकर म्हणणार. दुसरी: त्या परिषदेत आपल्याकडचे ते एकटेच नव्हते. जैनांतर्फे वीरचंद गांधी होते आणि मुंबईहून ब्राह्मो समाजाचे बी. बी. नगरकर होते. नगरकरांवर कुणी पोर भाषण करत नाही.

न आवडणारी: सिंह १८९४ साली बसवले. स्वामीजी बोलले तेव्हा दाराशी सिंह नव्हते. आणि ज्या सभागृहात ते बोलले ते परिषदेपुरतं उभारलेलं होतं, ते आज नाही. आता त्या बाजूला फुलर्टन हॉल आहे, १८९८ चा. इमारत मात्र तीच. समोरच्या मिशिगन ॲव्हेन्यूच्या तुकड्याला स्वामी विवेकानंद वे असं मानाचं नाव दिलेलं आहे, तपकिरी पाटी शोधा.

मी पीडब्ल्यूडीत नोकरी केली, म्हणून मला शिकागोचं वेड वेगळंच. १८७१ ची आग लागली, शहराचा मधला भाग जळून गेला आणि मग मोकळ्या जागेत यांनी उंच बांधायला घेतलं. लोखंड-पोलादाचा सांगाडा वापरून १८८५ साली दहा मजली होम इन्शुरन्स इमारत उठवली, गगनचुंबी इमारतींची पहिली म्हणतात ती. १९३१ मध्ये पाडली. विलिस टॉवर (१९७३ सालचा, ११० मजले, ४४२ मीटर) ज्यांच्या गणितावर उभा आहे ते फजलुर रहमान खान ढाक्याचे. नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना बांधल्यासारखी त्याची रचना आहे. कुणी काठ्यांची मोळी बांधताना बघितलीय? एक काठी वाकते, मोळी वाकत नाही. पेडण्याची पोर म्हणते गच्ची सोडा, ते बरोबर. टॉवर खालूनच बघायचा.

आणि पत्ते. तिथं 'वडाकडून डावीकडे, पोदेराच्या घरामागे' चालत नाही. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जिथं छेदतात ते शून्य. तिथून चारी दिशांना आकडे वाढत जातात, मैलाला साधारण ८००. म्हणजे ४०० नॉर्थ असं लिहिलं असलं की मॅडिसनपासून उत्तरेला अर्धा मैल. आलेखाच्या वहीत राहिल्यासारखं. तुम्ही चौथीला गणित शिकवलंय, तुम्ही तिथं हरवणार नाही.

बोटीत बसलात की एक गोष्ट मनात ठेवा. ती नदी उलटी वाहते. मुळात ती मिशिगन सरोवरात जायची आणि शहराची घाण घेऊन जायची, आणि प्यायचं पाणी त्याच सरोवरातलं. म्हणून यांनी ४५ किलोमीटरचा कालवा खणला आणि १९०० सालच्या जानेवारीत नदीचं तोंड फिरवलं. घाण आता सरोवराऐवजी मिसिसिपीच्या दिशेनं. खालच्या मिसूरी राज्यानं कोर्टात खेचलं, १९०६ मध्ये सुप्रीम कोर्टानं मिसूरीचा दावा फेटाळला. म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटकाशी भांडणाऱ्यांनी हे वाचताना पाणी प्यावं.

मये तळ्याकाठची

सगळ्यांचे आभार. तारवटीबाब, तांदूळ काढून ठेवले. तीन किलो होते.

मडगावकर, सिंहांचं वाचून मी ड्रॉइंगच्या सरांना फोन केला. ते आता ८१ वर्षांचे आहेत. ते म्हणाले, "बाई, मग त्या उंदराला कळलं होतं म्हणायचं."

वार बदलले. गुरुवार ते शनिवार, मॅरेथॉन होऊन गेल्यावर. हॉस्टेलची खालची खाट लिहून घेतली. लेक दोन दिवस बोलली नाही, मग तिनं माझ्या मोबाईलवर ती कुठं आहे ते मला आणि मी कुठं आहे ते तिला दिसेल अशी सोय केली. म्हणजे घड्याळ पिशवीतून येणारच.

मये तळ्याकाठची

जाऊन आले. आल्यावर लिहा असं दोघांनी सांगितलं होतं म्हणून लिहिते. खूप झालं तर सोडून द्या.

गाडीत मका दिसला, कापून झालेला. चिठ्ठी डोक्यावर होती ती मी नातवासाठी आणलीय. ॲडम्स रस्ता खरोखर सरळ आहे. साडीवर बूट आणि जावयाचं जाकीट, असा माझा अवतार, कुणी ढुंकून बघितलं नाही. दिचोलीच्या बाजारात एवढ्यात तिघींनी विचारलं असतं. सरोवरावरून वारा येतो तो इमारतींच्या मधल्या फटीतून असा घुसतो की पदर एका हातानं धरून चालावं लागलं.

सिंह हिरवे आहेत, ब्राँझवर हिरवट थर चढलाय. आमच्या पडद्यावर पिवळे होते. दोन्ही शेपट्या शाबूत.

फुलर्टन हॉलचं दार बंद होतं. मी तिथल्या पहारेकरीण बाईंना विचारलं, इथं १८९३ साली भाषण झालं ना? त्या म्हणाल्या, दर आठवड्याला कुणीतरी भारतीय हेच विचारतं आणि दारासमोर फोटो काढतं. मग त्यांनी मला खालच्या तळघरात पाठवलं, तुम्हाला आवडेल म्हणाल्या. कशानं ओळखलं कुणास ठाऊक. तिथं थॉर्नच्या लहान खोल्या आहेत, ६८. एका फुटाला एक इंच अशा मापानं केलेल्या, भिंतीत काचेआड. युरोप-अमेरिकेतली जुनी घरं: खुर्ची बोटाएवढी, टेबलावर पुस्तक, त्याच्या पलीकडे खिडकी आणि खिडकीबाहेर बाग, तिच्यावर ऊन पडलेलं. माणूस एकाही खोलीत नाही. पण चष्मा काढून ठेवलाय, विणकाम अर्धं टाकलंय, जणू कुणी दूध उतू गेलं म्हणून आत धावलंय. मी तिथं सव्वा तास होते. भातुकली म्हणायची तर हसू नका, एकेक दार बघताना आमच्या जुन्या घराची माजघरातली फडताळं आठवली, ती २०११ मध्ये विकली, विकायला नको होती.

मग वर गेले. सेराचं ते मोठं चित्र, नदीकाठचा रविवार, १८८४ ते ८६. दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद, आणि सगळं ठिपक्यांचं. ठिपक्यांची रांगोळी मी पंचेचाळीस वर्षं काढली, पण आपण ठिपके जोडतो, यानं जोडलेच नाहीत. जवळ गेलं की नुसते निळे-केशरी कण, लांब आलं की छत्री घेतलेली बाई. मी पुढं-मागं इतक्या वेळा केलं की पहारेकऱ्यानं बाकाकडे बोट दाखवलं. बसले. चाळीस मिनिटं. पिशवीत लेकीचा फोन दोनदा वाजला, तिला मोबाईलवर दिसत होतं की मी हलत नाहीय.

शिवराकाचं: गुरुवारी हॉस्टेलच्या चुलीवर तिथंच विकत घेतलेल्या तांदळाची पेज, लिंबाच्या लोणच्याबरोबर. एक कोरियन मुलगी शेजारी नूडल करत होती, तिनं पेज चाखली आणि सांगितलं की त्यांच्याकडेही असंच करतात, आजारी माणसाला. शुक्रवारी जाड पिझ्झा खाल्ला. पाऊण तास भाजायला लागला. एका तुकड्यात माझं झालं, उरलेला शनिवारी सकाळी. डेव्हन या भारतीय दुकानांच्या रस्त्याला गेले नाही, म्हणजे बांगडाही नाही. तो रस्ता लेकीला दाखवायला ठेवलाय.

आता फजिती. शुक्रवारी दुपारी मी ब्राउन लाईनची आकाशातली गाडी पकडली. लोखंडी खांबांवरून रस्त्यांच्या डोक्यावरून जाते, दुसऱ्या मजल्यावरच्या कचेऱ्यांत माणसं काय खातात ते दिसतं. लूपचा, म्हणजे मधल्या शहराभोवतीच्या रुळांचा, फेरा मारून उतरायचं ठरवलं होतं. ऊन काचेतून मांडीवर आलं आणि मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा गाडी जमिनीवर होती! रस्ता ओलांडताना घंटा वाजत होत्या, दोन्ही बाजूंना परसं, एका परसात टोमॅटोची वाळलेली झाडं काठ्यांना बांधलेली. शेवटचं स्टेशन, किंबॉल. ड्रायव्हरबाई आल्या आणि हळू बोलल्या, मला हळू बोललेलं समजतं हे चेहऱ्यावर लिहिलंय बहुतेक. म्हणाल्या, घाबरू नका, इथून सगळ्या गाड्या तुम्हाला हव्या तिकडेच जातात, दुसरीकडे रूळच नाहीत. लेकीचा तिसरा फोन तेव्हा आला. "आई, तू किंबॉलला काय करतेस?" मी म्हटलं, बघतेय.

खरं तर मला तेवढंच आठवतंय शुक्रवारचं. संध्याकाळी कल्चरल सेंटर बघितलं, पूर्वीची लायब्ररी, १८९७ ची, वर टिफनीच्या काचांचा घुमट, फुकट, आणि स्वच्छतागृह उत्तम. बायकांनी हे लिहून ठेवा. अनीश कपूर यांचं ते दाण्याच्या आकाराचं आरशासारखं शिल्पही बघितलं, त्यात मी बुटकी दिसले, पुढं गेले.

बोटीत शनिवारी सकाळी. निवेदकानं नदी उलटी फिरवल्याचं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. प्रश्न विचारा म्हणाला तेव्हा हात वर केला, वर्गातल्यासारखा, आणि विचारलं की खालच्या गावांचं काय झालं. तो जरा थांबला. मग मिसूरीचं, कोर्टाचं सगळं नीट सांगितलं त्यानं, वर हेही सांगितलं की हा प्रश्न त्याला क्वचितच कुणी विचारतं. माझ्या शेजारच्या आजोबांनी मला विचारलं, तुम्ही कुठल्या. म्हटलं, एका नदीच्या खालच्या अंगाच्या. त्यांना काय कळलं माहीत नाही, हसले. मडगावकर, तुमचा निरोप पोचवला.

गाडी चारनंतरची होती, म्हणून बॅग हॉस्टेलवर ठेवून सरोवराकडे चालत गेले. नकाशावर ते तळं आहे. आमच्या मयेचं तळंही तळंच. हे पंधरा गोवे बुडवील एवढं, पलीकडचा काठ नाही, लाटा, वर कुरल्यांवर टपल्यासारखे समुद्रपक्षी. नाकाला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते काय ते कळेना. पायऱ्यांवर बसून बूट काढले, दोन बोटं पाण्यात बुडवून जिभेला लावली.

अळणी.